कंपनीचा की करीमभाईंचा?

सोमवार, १४ जून १९९३

आज तिघी गेल्या. रेखा, वैशाली आणि त्यांच्या नादानं तिसरी. "बाई, टायपिंग नंतर करू, आधी काँप्युटर." स्टेशन रोडला नवा क्लास निघालाय. काचेचं दार, आत एसी, चपला बाहेर काढायच्या. सकाळच्या बॅचला निम्म्या मशिनींवरचं कव्हरसुद्धा काढलं नाही.

नाना रिबिनी बदलत बसले होते. आयुष्यभर कोर्टात टायपिंग केलं, रिटायर झाल्यावर हा क्लास काढला, आणि मी सून म्हणून आले तर हातात लाटणं द्यायच्या आधी मला मशिनीवर बसवलं. मी म्हटलं, "नाना, आपणपण काँप्युटर घेऊ." नाना म्हणाले, "त्याला रिबीन कोणती लागती?"

म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

गुरुवार, १७ जून

औरंगाबादहून कंपनीवाला आला होता. एवढ्या उकाड्यात टाय. पुढं त्याला टायवालाच लिहीन. काँप्युटरला काँ.

त्यानं नमस्कार केला, नाना जयभीम म्हणाले, टायवाल्यानं रंगीत कागद पसरले. कंपनीतच जोडून, तपासून, सील लावून येतो म्हणे. डबा उघडा, वायर लावा, चालू. वर्षभर गॅरंटी. किंमत सांगितली तेव्हा नानांनी चष्मा काढून पुसला.

नाना : लाइट गेल्यावर चालतंय का?
टायवाला : त्याला वेगळी बॅटरी येते.
नाना : मराठी लिहितंय?
टायवाला : त्याला वेगळं कार्ड येतं.
नाना : मंग ह्या पैशात येतंय काय?

मला हसू आवरेना. आत जाऊन चहा टाकला.

रविवार, २० जून

हे काल येलदरीहून आले. पॉवर हाऊसची ड्यूटी, फक्त शनिवार-रविवार घरी. आल्या आल्या आपली लाइट गेली. "आमी तिकडं वीज करायलोत आन् घरी मेणबत्ती," हे ह्यांचं नेहमीचं.

जेवताना काँ.चं काढलं. पैसा कुठून? सेलूचा प्लॉट विकला तरच. ह्यांचा घास हातातच राहिला. त्या प्लॉटवर घर बांधायचं ह्यांच्या मनात लग्नाआधीपासून आहे. कागदावर काढून ठेवलंय, अंगणात लिंबाचं झाड सुद्धा.

"क्लास बंद पडला तर घरात काय करू मी?" बोलून गेले. जरा जोरातच.

ह्यांनी पापड मागितला.

मंगळवार, २२ जून

करीमभाई आले, आमच्या कोपऱ्यावरचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाले. बातमी कळलीच होती. "भाभी, कंपनीका कायकू लेते? पार्टां मैं हैदराबादसे लातूं, यहींच जोडके देतूं." कंपनीच्या किमतीच्या निम्म्यापेक्षा थोडं जास्त, एवढ्यात होईल म्हणे. मराठीचं कार्ड पण त्यातच बसवून.

मी विचारलं, "बिघडला तर?"
"मेरा दुकान कोपऱ्यावर है. हाक मारो."
"आतापर्यंत किती जोडले?"
करीमभाईंनी दाढी खाजवली. "एक. साले के वास्ते. चल रहा."

खरं बोलले म्हणून आवडलं. पण एकच!

शुक्रवार, २ जुलै

शालिनीच्या हापिसात गेले. माझी शाळेतली मैत्रीण, आता क्लार्क. त्यांच्याकडं कंपनीचा काँ. आहे, एका खोलीत, निळ्या चादरीखाली. साहेब दौऱ्यावर म्हणून तिनं मला बसवलं.

आधी बोटं उचलेनात. मग ठेवली रोजच्यासारखी आणि सुटले. किती हलकी बटनं! बोट नुसतं टेकवायचं. अर्धं पान होत नाही तो मशीन कुईं कुईं करायला लागलं. शालिनी घाबरली. "मंगल, थांब! त्याला उरकंना गेलंय!" खरंच, मी थांबले तरी अक्षरं मागून येतच होती. लय हसलो दोघी.

मग तिनं सांगितलं, मागच्या उन्हाळ्यात हा बंद पडला. सील होतं, कोणी हात लावायचा नाही. इंजिनियर औरंगाबादहून येतो येतो म्हणत पावसाळा आला. तवर चादरीवर धूळ. आला आणि पाच मिनिटात चालू करून गेला.

आणि करीमभाईंनी जोडलेला बंद पडला तर? त्यांनाच नाही कळलं तर? मग औरंगाबादहून सुद्धा कोणी येणार नाही.

येताना डोकं नुसतं भणभणत होतं. बोटं मात्र खूश.

बुधवार, ७ जुलै

काय दिवस गेला!

टायवाला जीपमधून काँ. घेऊनच आला, दाखवायला. देवगाव फाट्यापासून रस्ता इतका खराब की डबा मांडीवर धरून आणला म्हणे. टायवर चहा सांडलेला. गल्लीतल्या बाया दारात. करीमभाईही आले, हात मागं बांधून उभे राहिले. मांडला, चालू झाला. टायवाल्यानं कपाळ पुसलं.

"नाना, बसा तुमी," मी म्हटलं. नको नको करत बसले. ताठ, कोर्टात बसायचे तसे. एका ओळीत एक अक्षर चुकलं. लगेच हात खिशाकडं, खोडरबर काढायला. टायवाला म्हणाला, "हे बटन दाबा." दाबलं. अक्षर गेलं. डाग नाही, कागद फाटला नाही, काही नाही.

नाना बघतच राहिले. मुद्दाम चुकीचं अक्षर मारलं, पुसलं. परत मारलं, परत पुसलं. "चूक गेली कुठं, मंगल?" आवाज वेगळाच. एका चुकीसाठी पूर्ण पान परत करायला लावायचे म्हणे जुने जज्जसाहेब. मग हसायला लागले, डोळ्यात पाणी येईपर्यंत.

तेवढ्यात लाइट गेली. काँ. काळा. नानांनी लिहिलेलं सगळं गेलं.

"हे बी पुसलं का मी?"

पूर्ण गल्ली हसली. टायवाला पण.

जाताना करीमभाईंनी त्याला विचारलं, मराठीचं कार्ड मी घातलं तर? "सील तोडलं तर गॅरंटी गेली." "याने पेटी हमारी, कुलूप तुम्हारा," करीमभाई म्हणाले. टायवाल्यानं हसत टायवरचा डाग पुसला. वाईट माणूस नाही तो. पुढच्या महिन्यात परत येतो म्हणाला.

सोमवार, १२ जुलै

नानांचं काहीतरी चाललंय. आज दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले. कुठं विचारलं तर "येतो."

काल पण असंच.

शुक्रवार, १६ जुलै

रोज चालू आहे. चारला जातात, सहाला येतात. छातीचं दुखणं तर नाही ना? दवाखान्यात जात असतील आणि सांगत नसतील. काँ.चं नाव काढून मीच त्यांना त्रास दिला. आज भाकरी करपली.

शनिवार, १७ जुलै

करीमभाई सांगत आले. "भाभी, नाना काचवाले क्लासमें बैठे!"

तशीच गेले. काचेतून बघितलं. बाहेर चपलांच्या ढिगात नानांची कोल्हापुरी. आत एसीत गळ्याला मफलर गुंडाळून नाना, दोन्ही बाजूला पोरी. रेखा त्यांना काही दाखवत होती आणि नाना मान हलवत होते.

घरी आल्यावर म्हटलं, "नाना, दुसऱ्याच्या क्लासात?"
"मग? घ्यायचं म्हणलीस ना तू? काय घ्यायलोत ते कळाया नको?"
"लोकं काय म्हणतील?"
"म्हणू दे. गार लागतंय तिथं, लय झकास."

हे संध्याकाळी आले. ऐकून इतके हसले की ठसका लागला. छाती ठीक आहे नानांची. मी पूजापाठासारखं कधी काही केलं नाही, पण आज बुद्धांच्या फोटोपुढं जरा जास्त वेळ उभी राहिले.

सोमवार, २६ जुलै

नाना घरी अभ्यास करतात! पुठ्ठ्यावर बटनं काढलीत, त्यावर बोटं चालवतात. आमच्या मराठी बॅचला म्हणाले, "पोरींनो, मशिनीवर चुकायचं न्हाई हे शिका. मग तिकडं जावा." दोघीजणी ज्या सोडणार होत्या त्या थांबल्या. नुसत्या नानांची गंमत बघायला, पण थांबल्या.

शनिवार, ३१ जुलै

टायवाला सोमवारी येणार. करीमभाई सोमवारीच हैदराबादला निघणार, जाताना विचारून जातील.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, "नाना, आता तुमी शिकलात. सांगा, कंपनीचा का करीमभाईंचा?"

नाना हात पुसत होते. "कंपनीवाला बरोबर हाय. करीम बी बरोबर हाय. प्लॉट ठेवा म्हणतो तो माझा सुधाकर बी काय चूक न्हाई. शिकलो त्यातनं एवढंच कळलं, चालवणार तू. मी आता हौशी विद्यार्थी. ठरवायचं तू."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी घराचा कागद खिशातून काढला, उलगडला, परत घडी घातली. "मला इचारू नको," म्हणाले. "तू इचारलंस तर लिंबाच्या झाडाचंच सांगन. तू ठरव. मी ऐकतो."

ह्या घरात आजवर मी भाजी कोणती करायची तेवढंच ठरवलं. ते पण नानांना कारलं चालतं का बघून. भांडी घासताना एकच पातेलं दोनदा घासलं. प्लॉट मोडायचा? सील असलेला घेऊन औरंगाबादची वाट बघायची, का करीमभाईंचा दुसरा काँ. आपल्याच घरात जोडून बघायचा? का एक वर्ष काहीच नको?

आत्ता हे डोकावून गेले. "ठरलं का?"
"सोमवार उजाडू द्या की."
"न्हाई, चेहऱ्यावरनं वाटलं ठरलं."

नाही ठरलं. खरंच नाही. पण मघापासून हसू येतंय सारखं, ते कशाचं काय माहीत.