पदराची गाठ

२२ ऑक्टोबर १९८५, मंगळवार

"तुला नाही सांगत. तू गोष्ट करशील."

ताई म्हणाली होती. तेवीस वर्षं झाली. माहेरच्या स्वयंपाकघरात ती पोह्यांना फोडणी देत होती. मी विचारलं, काय होतंय तुला, अशी का दिसतेस — तर हे म्हणाली. हसत म्हणाली, म्हणून मीही हसले. पंधरा दिवसांनी ताई गेली. स्वतःहून गेली. 'ताप डोक्यात गेला' असं सगळ्यांना सांगायचं ठरलं. आमच्याकडे अजून तसंच सांगतात.

आज हे का आठवलं? उगीच नाही. दुपारी टपालाने दिवाळी अंक आला. माझी गोष्ट आहे त्यात. चित्रही बरं काढलंय — पदराला गाठ मारणारी बाई.

अंक टेबलावर उघडाच टाकून केंद्रावर गेले. साडेचारला मंगळवारच्या त्या बाईचा फोन, नेहमीसारखा. "बाई, सातही सोडल्या." मी म्हटलं, छान. अंकाचं नाही सांगितलं.

२३ ऑक्टोबर

लिहून काढते, म्हणजे तरी चैन पडेल.

आमचं केंद्र म्हणजे पंचवटीत एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागची खोली. एक फोन, दोन खुर्च्या, आठ माणसांच्या पाळ्या. जगणं नकोसं झालेल्याने फोन करायचा, आम्ही ऐकायचं. लताबाई साळवे चालवतात. सरकारी दवाखान्यात मेट्रन होत्या, निवृत्त झाल्या आणि हे सुरू केलं. नियम तीनच. नाव विचारायचं नाही, कारण जीव द्यायला गेलेल्यावर पोलीस केस होते, माणूस घाबरतं. उपदेश करायचा नाही. आणि तिसरा — इथलं इथंच.

ती दर मंगळवारी सासूच्या औषधासाठी नाशिकला येते. एस.टी. स्टँडवरच्या नाणी टाकायच्या फोनवरून बोलते. तिथे आमची पाटी आहे. शेवटी म्हणते, "घोटीची गाडी लागली, ठेवते." तिच्याबद्दल मला एवढंच ठाऊक. जूनमध्ये पहिल्यांदा फोन केला तेव्हा नुसती रडली. पुढे एकदा म्हणाली, "सकाळी उठल्याबरोबर पदराला गाठ मारते. आजचा दिवस काढायचा म्हणून. दिवेलागणीला सोडते. सोडली की झाला एक दिवस." तेव्हापासून मंगळवारी हिशोब देते — सातही सोडल्या. एकदा सहाच होत्या. माझा जीव उडाला. तर म्हणाली, एक तशीच धुण्यात गेली!

गाठीचं ऐकून घरी आले आणि पिशवी खांद्यावरून न काढता लिहायला बसले. एका बैठकीत झाली. नाव बदललं. गाव नामपूरकडचं केलं. गाठ नाही बदलली. गाठ बदलली असती तर गोष्टच उरली नसती.

५ नोव्हेंबर, मंगळवार

"सातही सोडल्या." — म्हणजे वाचलेलं नाही. एवढे अंक निघतात, हाच कशाला तिच्या हाती पडेल?

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

सणाच्या दिवशी फोन जास्त येतात, म्हणून लताबाई केंद्र बंद ठेवत नाहीत. तिचा फोन नाही, सणाला ती नाशिकला येणार नव्हतीच. लताबाईंनी डब्यातून चकल्या आणल्या होत्या. एक माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "लेखिकाबाई, वाचली तुमची गोष्ट. ते गाठीचं कुठून सुचलं हो तुम्हाला?"

"असंच," मी म्हटलं.

चकली छान होती. अर्धीच खाल्ली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

वाचली तिने.

साडेचारला फोन. 'सातही सोडल्या' नाही, काही नाही. "बाई, आमच्या वाचनालयात एक अंक आलाय." मग म्हणाली, "गाठीचं मी कुणाला सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा. तुम्हाला एकटीला सांगितलं."

मी माफ करा म्हटलं. कितीदा म्हटलं कोण जाणे. ती चिडली नव्हती, तेच वाईट. हळूहळू, विचार करून बोलत होती. म्हणाली, "गाठ घेतली तर घेतली. पण तुम्ही तिला बरं केलं. शेवटी ती हसते, परत कधी गाठ मारत नाही. तुमची बाई पाच पानांत बरी झाली. मी नाही झाले."

मग फोन ठेवला. घोटीची गाडी लागली, असं म्हणाली नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

फोन नाही.

५ डिसेंबर

रोज वर्तमानपत्रातली बारीक अक्षरातली बातमी आधी वाचते. घोटी, इगतपुरी, तिकडचं काही. नसलं की चहा घेते. ह्यांनी विचारलं, कुणाची वाट बघतेस? म्हटलं, कुणाची नाही. ताईच्या वेळेसारखंच झालं — विचारणाऱ्याला हसून उत्तर दिलं.

१० डिसेंबर, मंगळवार

नाही. पाच वाजता शेवटी मीच स्टँडवर गेले. त्या फोनपाशी उभी राहिले. आमची पाटी — 'एकटं वाटतंय? बोला. आम्ही ऐकतो.' ही ओळ माझीच! लिहून दिली तेव्हा किती खूश होते मी.

१५ डिसेंबर, रविवार

घोटीला गेले. नियम मोडून गेले. काय करणार होते? चेहरा ठाऊक नाही, नाव ठाऊक नाही. बाजारभर बायकांच्या पदरांची टोकं बघत फिरले. भाताच्या पोत्यांपाशी एक म्हातारी बसली होती, भागुबाई म्हणून हाका मारत होते तिला. तिच्या पदराला गाठ! बघतच राहिले. तिच्या लक्षात आलं.

"काय बघती गं?"

म्हटलं, ही गाठ कशाची, आजी?

"तंबाखू हाय. पायजे का?"

शेजारच्या बाया हसल्या, मीही हसले. मग रडूच आलं. भागुबाईने पोत्यावर जागा करून दिली, बस म्हणाली. पाऊण तास बसले. तिने एक शब्द विचारला नाही. आमच्या केंद्रात हेच शिकवायला लताबाईंना दोन महिने लागतात.

गाडीत ठरवलं, उद्या सांगायचं.

१६ डिसेंबर

लताबाईंना सगळं सांगितलं. घोटीसकट.

त्या ओरडल्या नाहीत. चष्मा काढून पुसत बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही ऐकत नव्हता, लेखिकाबाई. वेचत होता." मग म्हणाल्या, फोन आजपासून नाही. यायचं तर या. खुर्च्या आहेत, चहा आहे, पाट्या रंगवायच्या आहेत.

मी म्हटलं, ताईमुळे मी इथे आले. माणसांनी मला सांगावं म्हणून. आणि ताईचं खरं सांगितलं — तापाचं नाही, खरं. तेवीस वर्षांत पहिल्यांदा तोंडातून शब्द निघाले.

लताबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग विचारलं, "ताईंवर कधी लिहिलंत?"

"नाही."

"का?"

"ती माझी आहे."

बोलले आणि मलाच ऐकू आलं. लताबाई उठल्या, खिडकी लावून घेतली. 

१७ डिसेंबर, मंगळवार

बाहेर ओट्यावर पाटी रंगवत बसले. साडेचार, पावणेपाच, पाच. आज तीन आठवडे. लताबाई दारात येऊन नुसती मान हलवून गेल्या.

१९ डिसेंबर

संपादकांचं पत्र. गोष्टीला वाचकांची खूप पत्रं आली म्हणतात, पुढच्या अंकासाठी अशीच एक द्या. उत्तर दिलं नाही. पत्र चुलीत घातलं असतं, पण आता घरात गॅस आहे! फाडलं.

२४ डिसेंबर, मंगळवार

चहा केला. खुर्च्या पुसल्या. साडेचारला फोन वाजला तेव्हा हातातून कप सुटला. दुसराच कुणीतरी होता. बापडा तासभर बोलला. जिवंत आहे, एवढं लताबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं. मी काचा वेचल्या.

२९ डिसेंबर

माहेरी पत्र टाकलं दादाला. लिहिलं की ताईला ताप नव्हता, आपण दोघंही जाणतो, मला एकदा तुझ्याशी बोलायचंय. तो उत्तर देणार नाही. पण पत्र पेटीत पडल्याचा आवाज ऐकला आणि जरा हलकं वाटलं.

३१ डिसेंबर, मंगळवार

साडेचारला फोन. लताबाईंनी उचलला, ऐकला, आणि रिसीव्हर माझ्यापुढे धरला. "त्यांना तुम्हीच पाहिजे. आजच्यापुरतं."

"बाई, आहे मी," ती म्हणाली.

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. तीच बोलली. सासूला दुसरं औषध सुरू झालं. गाठ आता मारत नाही, ती पुस्तकातली झाली. नुसतं उठते, दिवस काढते. काही दिवस निघत नाहीत, तेही काढते. "तुम्ही वाट बघत असाल म्हणून केला फोन." मग म्हणाली, "तिला परत लिहा. बरी नका करू. नुसती असू द्या."

मी नाही म्हटलं. लिहायला आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने नाही म्हटलं. म्हटलं, तुमची आहे ती, तुम्ही लिहा. ती हसली — मला कुठं येतंय, बाई? मागे घोटीची गाडी पुकारत होते. ती नाही म्हणणार हे ठाऊक होतं, तरी घाईघाईने विचारलं — एकच ओळ लिहा. पुढच्या मंगळवारी मला ऐकवाल का? "घोटीची गाडी लागली, ठेवते," ती म्हणाली.