मऊ पडलेले हात

सँटियागो, चिली

प्रिय रोझमेन,

मी इथे धडधाकट आहे, दोन्ही वेळा जेवतो, तेव्हा आधी ती काळजी सोड.

बांधकामं इथे ढीगभर आहेत. पण मुकादम कागद बघायच्या आधी गवंड्याचे तळहात बघतो. गेल्या सोमवारी एकाने माझे हात उलटेपालटे केले आणि हसला. "गवंडी म्हणे! अरे, हे तर मास्तरचे हात. जा, शाळेत जा." प्रवासात आणि कागदांच्या रांगांत चार महिने थापीच हातात धरली नाही, तर घट्टे राहणार कुठून?

माझ्या खोलीत आपल्या हैतीचाच विल्नेर राहतो. तो म्हणाला, "रडतोस काय? ही वीट घे नि घास." तेव्हापासून रोज सकाळी तळहातावर वीट घासतो. जरा रक्त येतं, विशेष काही नाही. घट्टे मात्र पडत नाहीत.

आपल्या पोरीचा, नादेजचा खोकला थांबला का? पडवीची माझी अर्धी राहिलेली भिंत दुसऱ्या कुणाकडून बांधून घेऊ नकोस हं.

जवळ आलो की तू म्हणायचीस, "लांब हो, तुझे हात टोचतात." आता टोचणार नाहीत गं. पण असले हात घेऊन मी घरी कसा येऊ?

तुझाच,
एलिझे