बंगल्यात घेतलेलं नाव

१२ डिसेंबर, शुक्रवार, दुपार

पोचले बाई एकदाची चिखलदऱ्याला! मुकुंदवाडीहून पहाटंच निघालो. घाटात शेजारीण जैतुनबीला गाडी लागली. गाडी चालविणारा तिचाच पोरगा, रिझवान, म्हणून शिव्या बी त्यानंच खाल्ल्या. म्या म्हणलं, जैतुनबी, या वयात उलट्या? गल्लीत काय सांगू? तिनं हातातलं लिंबू फेकून मारलं मला.

ही डायरी सूनबाईनं दिली. सोनिया म्हणाली, आत्या, तिथलं सगळं लिहून आणा. म्हंजे फोनवर तिचं डोकं खाऊ नको असं. चौथीपर्यंत शाळा माझी, चुका निघाल्या तर गुरुजीला धरा.

दोन रात्री राहायला घेतलेला बंगला कॉफीच्या मळ्यातच हाय. झाडाला लाल बोरं लागल्यावाणी दिसतंय. अंगणात तीच वाळत घातलीत, पण वास कॉफीचा नाय, आंबल्या गुळाचा येतो. आमचे हे असते तर नाक दाबून बसले असते. चिकलठाण्याच्या कंपनीतून आले की बशीत चहा, फुर्रर्र करून. कॉफीला कधी तोंड लावलं नाय त्यांनी. मिशी नव्हती तरी चहा पिऊन वरचा ओठ पुसायचे. मी लई चिडवायची.

रिझवान आम्हाला सोडून परतवाड्याला पाव्हण्यांकडं गेला. रविवारी न्यायला येतो म्हणाला.

शुक्रवार, संध्याकाळ

आज लई हसले. बंगला सांभाळणारी आवडाबाई कॉफी घेऊन आली अन् उंबऱ्यातच वाट अडवून उभी राहिली. म्हणाली, या घरची रीत हाय, बाईमाणसानं आपल्या माणसाचं नाव घ्यायचं, मगच कॉफी. जैतुनबी म्हणाली, आमच्यात असलं नसतं, मला आपला चहा दे. राहिले मी. हे गेल्यापास्नं मला उखाणा घे असं कुणी म्हणलंच नाय. हळदी-कुंकवाला बी कोपऱ्यात बसवितेत लोक. जीव एवढा फुलला, की अंगातली खोडी उठली.

भिंतीवर मालकाचा फोटू हाय. मिशीला पीळ, फेटा. हार नाय, म्हणजे माणूस जिता असंल. खाली नाव लिहिलंय. म्या पदर घेतला डोक्यावर अन् म्हणलं —

चिखलदऱ्याच्या घाटात धुकं आलं दाट,
विश्वजीतरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट!

जैतुनबी हसून हसून पलंगावर आडवी. आवडाबाई हसली नाय. तिनं कॉफी माझ्या हातात दिली, पाया पडली अन् मागच्या पावली गेली.

कॉफी गोड व्हती. लई गोड.

१३ डिसेंबर, शनिवार, सकाळ

उठले तर उशापाशी हिरव्या बांगड्या. जैतुनबीची मस्करी असंल म्हणून तिला धपाटा घातला. ती शपथ घालती, मी नाय ठेवल्या.

आवडाबाई मला मालकीणबाई म्हणती. तिचा नवरा मोतीराम मान वर करीत नाय. त्याला धरलं, म्हणलं, काय रं, मालक कुठं असतो तुझा? मग बोलला. मालकाचं लग्न ठरलं व्हतं. मांडव या कॉफीतच घातला. नवरीचं वऱ्हाड घाटाखालून परत गेलं अन् मालकानं दारात उभ्या उभ्या जीव सोडला. फोटूला हार घातला की सकाळी उंबऱ्यावर पडलेला असतो. आपलं नाव घेणारीची वाट बघतेत ते, म्हणाला.

म्या म्हणलं, अरं मी विधवा बाई!

तो म्हणाला, विधवेचा पाट लागतोच की, दुसरं लगीन.

शनिवार, दुपार

जैतुनबी माझ्यावर डोळे वटारून बसलीय. मी सकाळपास्नं तिला सांगत व्हते म्हणे, की आमचे हे मिशीला पीळ देत कॉफी प्यायचे. ती म्हणाली, भागू, तुझा नवरा कॉफी कधी प्याला? मिशी कुठं व्हती त्याला?

व्हती की. मला दिसती ना.

नाय. नव्हती. वर लिहिलंय म्या. नव्हती.

पण आमचा मांडव कॉफीच्या झाडात व्हता, हे मला चांगलं आठवतं. लाल बोरं पायाखाली चिरडत व्हती.

शनिवार, दिवस बुडताना

बाहेर जायला निघाले. पाय उंबऱ्याच्या पुढं पडंना. जैतुनबीनं हात धरून ओढलं, माझा हात लांबला, मी नाय हलले. ती रडाय लागली. तिला रडताना म्या कधी बघितलं नव्हतं.

मोतीराम लांबूनच म्हणाला, एकच विलाज हाय. उंबऱ्यात उभं राहून आपल्या खऱ्या माणसाचं नाव घ्या. मोठ्यानं. मग मालक सोडतील.

एवढंच ना —

मी त्यांचं नाव —

सबंध संसारात बाईनं नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायचं. म्या कधी हाक मारली नाय. ह्या डायरीत बी आमचे हे, आमचे हे —

१४ डिसेंबर, रविवार, सकाळ

जैतुनबी त्यांचं नाव सांगती. कानाशी येऊन सांगती. तोंड हालतं, आवाज येत नाय.

आधार कार्ड काढलं, त्यावर नवऱ्याचं नाव असतंच. जैतुनबीनं वाचलं अन् पालथं घातलं. मला बघू देईना.

तोंड आठवंना. बशीत चहा कोण प्यायचं? कुणीतरी प्यायचं. मी चिडवायची. त्या माणसावर माझा लई जीव —

हातात बांगड्या हायेत. म्या नाय घातल्या.

रविवार

गाडी आली. रिझवान हॉर्न वाजवितो. जैतुनबी अंगणात उभी हाय, पिशवी घेऊन, दोन्ही हात पसरून. ये म्हणती.

मागं कुणीतरी उभं हाय. कॉफीचा वास. मी बघत नाय.

आधी लिहिते, मग मोठ्यानं म्हणते. लिहिलं की चुकणार नाय. शांत राहा, भागू. तुझा माणूस हाय तो. तुझा.

मुकुंदवाडीच्या ठेसनावर थांबती गाडी,
वि