बाबांच्या हातातलं दुसरं टोक

नाहूर,
१२ जानेवारी २०२५

रुचिराताई,

साष्टांग नमस्कार. हसू नकोस, मनापासून घातलाय. फोन तू उचलत नाहीस. मी कॉलेज सोडलं तेव्हा तुझ्यावर जे ओरडलो, त्यानंतर मीही उचलला नसता. म्हणून हे पत्र चारकोपला.

इकडे झकास. आई मजेत. बाबांचा आखडलेला खांदा सुटतोय. सोसायटीच्या गच्चीवर सकाळी सातला खांद्या-पाठीचा व्यायाम असतो, रबरी बँड घेऊन. सगळे साठीच्या पुढचे आणि त्यांच्यात मी! कारण विचारू नकोस. बरं, विचार. शिकवणारी गंधाली, बी विंगची फिजिओथेरपिस्ट. ती "खांदे कानांपासून खाली" म्हणते ना, यार, माझं अख्खं काळीज खाली जातं. एकट्याने जायची लाज वाटली, म्हणून बाबांना नेलं. आमचं बोलणं बंद होतं, तरी.

तिने नेमकी आमचीच जोडी लावली. एकाने बँडचं टोक घट्ट धरायचं, दुसऱ्याने कोपर मागे नेत ओढायचं, मग तीन मोजत हळू परत.

ताई, बाबांच्या डोळ्याखालचा वळ दाराच्या कडीचा नाही. ते तुला खोटं बोलले. टोक मी धरलं होतं. बँड पूर्ण ताणलेला असताना त्यांनी गंधालीसमोर विचारलं, "कॉलेजचं काय ठरवलंस रे?" माझं डोकं फिरलं. टोक सुटलं नाही, मी सोडलं. चष्मा होता म्हणून डोळा वाचला.

गंधाली एवढंच म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस."

दोन दिवस गेलो नाही, बाबांना दुसरी जोडीदार मिळाली. तिसऱ्या दिवशी बाबा माझ्या उशाशी उभे. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, काच खाली.

"ऊठ. त्या सुगंधाताईंशी जोडी नको मला. फार बोलतात."

आम्हाला बघून गंधाली हसत हसत खालीच बसली. बाबांनी बँड ताणला आणि हेल्मेटच्या आतून परत तोच प्रश्न! मी टोकावर दोन्ही मुठी आवळल्या.

"दोन विषय राहिलेत, बाबा. सांगायची भीती वाटली, म्हणून भांडलो."

"दोनच ना? मग मोज पुढे."

आज त्यांनी हेल्मेट घरीच ठेवलं.

गंधालीला अजून काही बोललो नाही. आधी तुझी माफी. रविवारी ये आणि हवं तेवढं ओरड.

या वेळी टोक न सोडणारा,
तुझा नितेश