बोटांचा ठेका

मात्सुए, ८ ऑक्टोबर १९७७

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आत्यांच्या चहागृहात शिकायला पोचले, जिवंत आहे, पण पाय माझे राहिलेले नाहीत. दिवसभर गुडघे मोडून बसायचं आणि उठताना भिंत धरून लंगडायचं! चहाला अजून हातसुद्धा लागलेला नाही. आधी दार सरकवायला शिक, मग रुमालाची घडी, मग आधण ऐकायला. हो, ऐकायला! वाफ फसवते म्हणे. आधण गुणगुणायला लागलं की पळी उचलायची. उशीर झाला तर चहा कडू.

आत्या खाष्टच आहेत. मागून हाक मारली तर ओ देत नाहीत. मान खाली घालून बोलले तर खवळतात, तोंड वर कर म्हणतात. सगळं गाव मुलींना मान खाली घालायला सांगतं, हे घर उफराटं. मला कायम चुलीपलीकडे, आपल्या समोर बसवतात. आधण गायला लागलं की माझी बोटं गुडघ्यावर ठेका धरतात, मला कळतसुद्धा नाही. आत्या पायांवरून बोलतात, पाठीवरून बोलतात, बोटांना मात्र काही म्हणत नाहीत.

म्हणाले ते नागासे आजोबा, इथले सगळ्यांत जुने पाहुणे. या पोरीच्या अंगात मुंग्या आहेत का, असं विचारलं त्यांनी. मी यायच्या आधी, उन्हाळ्यात आत्यांचा चहा कडू झाला होता. तेव्हाच त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, वय झालं, आता चहागृह बंद करा. नोव्हेंबरात हिवाळ्यासाठी जमिनीतली चूल उघडतात, त्या दिवशीची चहाची बैठक आहे. तीही बिघडली तर आपण होऊन दाराला कडी लावीन, असं आत्या म्हणतात. माझ्यामुळे बिघडली तर?

तुझी,
चिझुरु

ओसाका, १७ ऑक्टोबर

चि. चिझुरु हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं आणि काळजीही वाटली. तू पोटात होतीस तेव्हाही मला स्वस्थ झोपू दिलं नाहीस! दुकानातली नोकरी सोडलीस, टंकलेखनाचा वर्ग सोडलास, बूड म्हणून कुठे टेकत नाही. वन्संची गोष्ट वेगळी. यजमान गेल्यावर त्या चहागृहासाठी जगल्या. ते बंद झालं तर त्या खंगून जातील, हे मी तुला आत्ताच सांगून ठेवते.

तेव्हा एक कर. मांडीवर हात ठेवलेस की डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं घट्ट दाबून धर. सासरी नवीन होते तेव्हा मी असंच करायचे. रोज सराव कर. मुळ्याचं लोणचं पाठवते आहे, एकटीने फस्त करू नकोस.

तुझी,
आई

मात्सुए, १३ नोव्हेंबर

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, मला परत बोलाव.

तुझी युक्ती मी घोटून घोटून पक्की केली होती. काल बैठकीत दगडासारखी बसले. बोटं तसूभर हलली नाहीत. मनात म्हटलं, बघा म्हणावं आता नागासे आजोबा!

आधण गुणगुणायला लागलं. आत्या हलल्या नाहीत. गुणगुण वाढली, मग खळखळ व्हायला लागली, तरी त्या बसलेल्याच. पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. आत्या माझ्या हातांकडे बघत होत्या, टक लावून. ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, माझं काय चुकलं? घाबरून हात सुटले आणि मेली बोटं लागली नाचायला! त्याच क्षणी आत्यांनी थंड पाण्याची पळी घेऊन उकळत्या पाण्यात सोडली, आवाज बसला. पुन्हा गुणगुण सुरू झाली, माझी बोटंही सुरू झाली, आणि त्यांनी चहा केला.

नागासे आजोबांनी चहा संपवला आणि वाटी पुन्हा पुढे केली. पण शेवटी मी चुळबुळ केलीच ना? आत्या सकाळपासून एक अक्षर बोललेल्या नाहीत. मला इथे राहायचं होतं गं, पहिल्यांदाच कुठे तरी राहावंसं वाटलं होतं. आता कुठल्या तोंडाने राहू?

तुझी करंटी,
चिझुरु

मात्सुए, १४ नोव्हेंबर

चि. सौ. फुसाए हिस,
अनेक आशीर्वाद.

चिझुरु परत येते म्हणेल. बोलावू नकोस.

गेल्या वर्षापासून माझे कान गेले आहेत. माणसांचं बोलणं ओठांवरून कळतं, पण आधणाला ओठ नसतात. उन्हाळ्यात चहा कडू झाला तो त्यामुळेच. कुणाला सांगितलं नाही, लाज वाटली. मग ही पोरगी आली. समोर बसवली आणि पाहिलं, तर पाणी तयार झालं की हिची बोटं नाचतात. तेव्हापासून माझा चहा बिघडलेला नाही. परवा ती बोटं दाबून बसली, तेव्हा मात्र वाटलं, संपलं सगळं. ती युक्ती कुणाची हे मी ओळखलं. तू सून होऊन आलीस तेव्हा अशीच बसायचीस, बिचारी.

काल दिवसभर तिच्याशी बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं. तिला कानांचं कळवू नकोस. कळलं तर मुद्दाम बोटं हलवील, आणि मुद्दाम हलवलेल्या बोटांवर माझा चहा होणार नाही. पुढे कधी तरी मीच सांगेन.

नागासे वसंतातल्या बैठकीची तारीख विचारून गेले. लोणचं छान होतं, माझ्या वाट्याला दोन फोडी आल्या.

तेवढं तिला लिही, हात मोकळे ठेव म्हणावं.

तुझी,
मित्सुयो