नवीन राहिलं न्हाय

अक्का, तुला आणि दाजींना जिनेव्याहून जय जिनेंद्र.

मी बरी हाय. थंडी हाय, पण तू दिलेला स्वेटर पुरतोय. फोन केला असता तर आवाजावरनं तुला माझं बिनसलेलं कळलं असतं, म्हणून लिहितेय.

आपल्या ॲपला निधी मिळावा म्हणून इथं आले. नेसरीकडच्या वाड्यांवर नर्स म्हणून फिरताना तू गरोदर बायकांचं बीपी फोनला रेंज नसतानाही ॲपवर नोंदवतेस आणि रेंज आली की डॉक्टरांना कळतं, हे समितीला सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग अध्यक्षबाई म्हणाल्या, "छान चाललंय. पण हे आता नवीन राहिलं नाही. आम्ही नव्या कल्पनांना निधी देतो."

"बाळंतपण तरी कुठं नवीन आहे?" मी विचारलं.

त्या हसल्या. "यात बोलणारा एआय घाला, नाव बदला, मग बघू."

चाललेलं काम चालू ठेवायला कुणी पैसा देत न्हाय की, अक्का! नवीन काढा, फोटो काढा आणि पुढच्या गावाला जा. डोकं फिरलं माझं. "नाही जमणार," म्हणाले आणि उठले. आता वाटतंय, हो म्हणायला पायजे होतं काय? तू काय केलं असतंस?

ॲप मार्चपर्यंत चालंल. पुढचं मी बघते. बायकांना इतक्यात काय बोलू नकोस.

दाजी तुला स्कूटरवरनं सोडतात ना? सातव्या महिन्यात एकटीनं चढ चढू नकोस. आणि दुसऱ्यांचं मोजतेस तसं स्वतःचंही बीपी रोज टाकत जा. परवापासून तुझा आकडा आलेला न्हाय. मी सारखी बघतेय.

तुझी धाकटी,
त्रिशला