रेघेची उडी

मंगळवार संध्याकाळ, बोरीवली

आज सही केली. करायला नको होती.

अंधेरीच्या आमच्या कारखान्यात नवा ऑसिलोस्कोप आलाय, विजेचा सिग्नल स्क्रीनवर रेघेत दाखवणारं यंत्र. दवाखान्यातल्या सलाइन पंपांचे सर्किट बोर्ड तोच तपासतो, तोच पास करतो. हिरवी टिक आली की माझी फक्त सही. एकतीस वर्षं स्क्रीनवरच्या रेघा वाचल्या, त्याचं हे झालं. आज एका बोर्डाच्या रेघेनं मध्येच उडी मारली, म्हणजे बोर्डात कुठेतरी दोष. या डोळ्यांनी पाहिली. तरी टिक हिरवीच.

सावंतला, आमच्या नव्या मॅनेजरला, बोलावलं तर तेव्हा नेमकी उडी नाही. "काका, मशीन पास म्हणतंय ना? मग तुम्ही कशाला डोकं लावता?" सगळ्यांसमोर. जुन्या स्कोपवर बघू म्हटलं, तर तो टेबलाखाली, त्याच्यावर सगळ्यांचे जेवणाचे डबे. आणि खाली माल न्यायला टेम्पो उभा.

केली सही. का? रिटायरमेंटला वर्ष उरलंय म्हणून? की त्या हिरव्या टिकमुळे माझाच माझ्या डोळ्यांवर विश्वास उरला नाही?

घरी आलो तर मुक्ता टेबलभर वायरी पसरून बसलेली. कॉलेजातल्या पोरीकडे आता खिशात मावणारा स्कोप, फोनला जोडायचा. "बाबा, ॲप ओके म्हणतंय, पण रेघ मध्येच उडी मारते. सोडून देऊ?"

"अजिबात नाही!" मी ओरडलोच. "दिसली ना तुला? मग शोध."

ती शोधायला लागली. तिला वाटतं, तिचा बाप कारखान्यात असंच काम करतो.